पियानो शिकताना उमेद टिकवायची कशी

मोठेपणी पियानो शिकायला घेतलेल्यांची उमेद सहसा पहिल्या महिन्यात खचत नाही. पहिला महिना नवलाईचा असतो. ती खचते दोन्ही हात एकत्र वाजवायची वेळ येते तेव्हा. उजव्या हाताला सूर सापडू लागलेले असतात, डाव्या हाताचाही सराव झालेला असतो, आणि दोन्ही हात एकदम पट्ट्यांवर ठेवताच सगळे विस्कटते. आधी पेटी वाजवत आलेल्यांना हा धक्का अधिक बसतो, कारण पेटीवर डावा हात भात्यात गुंतलेला असल्यामुळे उजव्या हाताची कितीही तयारी असली तरी डावा हात कोराच राहिलेला असतो. शिवाय पेटीचा सूर भात्यातल्या हवेवर टिकतो आणि वाढतो, तर पियानोत हातोडी तारेवर आदळून मागे सरली की सूर विरायला लागतो. त्या सुराचा जोर बोट पट्टी किती वेगाने खाली नेते एवढ्यावरच ठरतो. म्हणजे कान तयार असतो आणि हात नसतो, आणि तयार कानाला आपलेच वाजवणे सहन होत नाही. मी स्वतः पेटीवरून पियानोकडे वळलो तेव्हा नेमक्या याच ठिकाणी दोनदा शिकणे सोडले होते, म्हणून पुढचे सगळे अनुभवातून लिहीत आहे.

उमेद आधी येते आणि मग रियाज होतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात काल न जमलेली एखादी जागा आज जमली, हे स्वतःच्या कानांनी ऐकले की उद्या बाकावर बसावेसे वाटते. त्यामुळे रोजच्या रियाजात असे काहीतरी ऐकू येईल अशी व्यवस्था करणे, हेच खरे काम आहे. त्या व्यवस्थेच्या आड सर्वांत जास्त येणारी सवय म्हणजे दर वेळी रचना पहिल्या सुरापासून वाजवायला घेणे.

उदाहरण घेऊ. जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला ‘जी’ (G) मेजरमधला एक मिन्युएट, म्हणजे नृत्याच्या चालीची छोटी रचना, येतोच. १७२५ साली सुरू झालेल्या आना माग्दालेना बाख यांच्या वहीत तो आहे. पुष्कळ वर्षे तो त्यांचे पती, संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांचा मानला जात होता, पण आता क्रिस्टियान पेट्झोल्ड या दुसऱ्या संगीतकाराची रचना म्हणून ओळखला जातो. सोळा-सोळा बारचे (बार म्हणजे तालाचे एक आवर्तन) दोन भाग, म्हणजे एकूण ३२ बार, आणि ताल तीन मात्रांचा. ‘जी’ला षड्ज मानले तर उजव्या हाताची सुरुवात ‘प सारेगम’ आणि पुढच्या बारमध्ये ‘प सा सा’ अशी आहे, त्यामुळे पेटीवाल्याला ती पहिल्याच दिवशी आपलीशी वाटते. मग तो रोज तिथूनच सुरुवात करतो, दहाव्या-बाराव्या बारपाशी अडखळतो, चिडतो आणि पुन्हा ‘प सारेगम’वर येतो. दोन महिन्यांनी पहिले आठ बार उत्तम वाजतात, दुसऱ्या भागाला मात्र हातच लागलेला नसतो आणि सुरुवातीचा कंटाळा आलेला असतो. रचनेतली खरी गंमत दुसऱ्या भागातच आहे. त्याच्या चौथ्या बारमध्ये सी शार्प येतो, म्हणजे आपल्या हिशेबाने शुद्ध मध्यमाच्या जागी तीव्र मध्यम, आणि त्याच्या आधाराने सगळी चाल पंचमावर जाऊन विसावते, मग शुद्ध मध्यम घेऊन घरी परतते. ही जागा न वाजवताच रचना सोडून देणारे किती तरी जण असतील, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यावर उपाय असा की एका बैठकीसाठी फक्त दोन बार निवडावेत आणि त्यांना पुढच्या बारचा पहिला सूर जोडून घ्यावा. तो एक सूर महत्त्वाचा, कारण अडखळणे बहुधा बारच्या आत नसून सांध्यावर असते. आधी उजवा हात, मग डावा, आणि मग दोन्ही हात इतक्या संथ लयीत की चूक होण्याला वावच राहू नये. लागोपाठ तीन वेळा बिनचूक झाले की मेट्रोनोम, म्हणजे मिनिटाला ठरावीक ठोके देणारे लययंत्र, तीन-चार अंकांनी वाढवावा आणि बिघडले की निमूट मागे आणावा. दुसऱ्या दिवशी त्याच्या आधीचे दोन बार घ्यावेत. शेवटाकडून सुरुवातीकडे असे सरकत गेल्याने वाजवताना आपण नेहमी न येणाऱ्या भागाकडून येणाऱ्या भागाकडे जातो, आणि मनावरचा ताण कमी होतो. वीस मिनिटे पुरतात, पण ती रोज हवीत. रविवारी एकदम तीन तास बसल्याने बोटे दमतात, हात बसत नाही.

या दोन बारांची नोंद ठेवायला एक साधी वही करावी. तारीख, बार आणि लय एवढेच लिहावे. माझ्या वहीत आषाढात ५२ वर रखडलेले दोन बार दिवाळीच्या सुमारास ९२ वर आलेले दिसतात. मधल्या काळात मात्र ‘काहीच प्रगती नाही’ असे मी घरी सगळ्यांना सांगत होतो. तसेच महिन्यातून एकदा मोबाइलवर स्वतःचे वाजवणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे, पण ते लगेच ऐकू नये. दोन महिन्यांनी जुने आणि नवे शेजारी-शेजारी ऐकावे.

वाद्याचा प्रश्न त्यामानाने सरळ आहे. ६१ पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर सुरुवात करता येते, पण बोटांच्या जोराने आवाज कमीजास्त करण्याचे शिक्षण त्यावर नीट होत नाही. शक्य असेल तेव्हा ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्यावा. हेडफोन लावून रात्री अकरालाही वाजवता येतो, ही फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी मोठी सोय आहे. तारांचा पियानो असेल तर पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात आणि सूरही चढतात, तेव्हा तो दोष आपल्या बोटांना देऊ नये. वाद्य घरातल्या वावराच्या खोलीत, सहज बसता येईल असे ठेवावे. वर कपड्यांची चळत आणि खाली सुटकेस अशा अवस्थेतला पियानो आठवडाभर कोणी उघडत नाही. बाकाची उंची अशी हवी की कोपरापासून मनगटापर्यंतचा हात पट्ट्यांच्या पातळीत येईल. मनगट दुखू लागले तर उमेदीचा विचार न करता त्या दिवशी थांबावे.

परीक्षांबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश संस्थांच्या परीक्षांना आठ श्रेणी असतात आणि समोर तारीख असली की रियाज चुकत नाही, हे खरे आहे. पण वर्षभर परीक्षेच्या तीनच रचना घोटत राहिल्यास त्या रचनांचाच नव्हे, तर वाद्याचाही वीट येतो. परीक्षा द्यायचीच असेल तर तिच्याबरोबर दर महिन्याला एखादी सोपी, आपल्या श्रेणीच्या दोन पायऱ्या खालची रचना घ्यावी, जी आठवड्याभरात पुरी होईल. त्यासोबत कानाने ओळखीची एखादी चाल काढून तिला डाव्या हाताने दोन-तीन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सुरांचे गट, द्यावेत. हे काम शिक्षक बहुधा सांगत नाहीत, पण घरातले कोणी आतून गुणगुणत येते तेव्हा त्याचे मोल कळते.

खंड पडणारच. घरचे कार्य, गणपती, परीक्षा, आजारपण यांत महिनाभर झाकण उघडले जात नाही. परतल्यावर अर्धवट सोडलेल्या कठीण रचनेला त्या दिवशी हात लावू नये. आधी पूर्वी पुरी केलेली, हाताला बसलेली एक रचना निम्म्या लयीत दोन दिवस वाजवावी, मग वही उघडून शेवटची नोंद पाहावी आणि तिच्यातल्या आकड्यापेक्षा दहा-बारा अंक खाली मेट्रोनोम लावून त्याच दोन बारांपासून पुढे निघावे.