मॉन्टगोमेरी रीफचा दिवस : आदल्या रात्रीच काय काय काढून ठेवायचं

आई-बाबांना घेऊन ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्ली किनाऱ्यावरची क्रूझ करून आलो, ब्रूम या तिथल्या गावाहून निघालो होतो, आणि आता ओळखीतले दोन-तीन जण जायचं म्हणतायत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. त्यातला एक दिवस मॉन्टगोमेरी रीफचा, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळाच्या मोठ्या पठाराचा असतो आणि खरी तयारी लागते ती त्याच दिवसाची.

सगळ्यात आधी तारीख. मे ते सप्टेंबर कोरडा सीझन, पण महिना ठरला की लगेच कॅलेंडर उघडून पौर्णिमा-अमावस्या बघा. कोकणातल्या माणसाला उधाण (पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासची मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (अष्टमीच्या आसपासची कमी जोराची) वेगळं सांगायला नको, तेच गणित, फक्त या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो, आणि म्हणूनच जवळपास ४०० चौरस किलोमीटरचं ते प्रवाळाचं पठार आपल्या डोळ्यांदेखत उघडं पडतं. पाणी उतरत असतं पण बघताना वाटतं की जमीनच वर येतेय. भांगाच्या दिवसांत एवढा जोर नसतो. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे छोटी रबरी बोट, म्हणजे झोडियाक, कधी निघणार ते रात्रीच्या ब्रीफिंगमध्येच कळतं, तेव्हा कितीही दमला असलात तरी तिथे जाऊन बसा.

कपडे म्हणाल तर फुल बाह्यांचा पटकन वाळणारा टीशर्ट, हनुवटीखाली नाडी बांधता येईल अशी टोपी (नाडी नसेल तर टोपी समुद्रात गेली समजा), मागे पट्टा असलेले सँडल. सनस्क्रीन निघायच्या अर्धा तास आधीच लावून घ्या, झिंकवालं मिळालं तर उत्तम, पण त्याहून बरं म्हणजे अंग झाकलेलं असणं, कारण सनस्क्रीन रीफच्या पाण्यात उतरतं, कपड्यातून काही उतरत नाही. गॉगल पोलराइज्डच घ्या. साध्या गॉगलमधून नुसती चकाकी दिसते, पोलराइज्डमधून पाण्याखालून सरकणारं कासव दिसतं. चष्म्याला दोरी लावा, बाबांचा चष्मा वाकून बघताना निसटला आणि मग अख्खी सकाळ त्यांना मी सांगेन तेवढंच दिसलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुर्बीण ८ बाय ४२ (म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरते, त्याहून मोठी हलत्या बोटीत स्थिर राहत नाही. फोन, कॅमेरा, एक कोरडा पंचा असं सगळं ड्राय बॅगमध्ये, आणि ती बॅग पाठीवर, हातात नाही, कारण झोडियाकमध्ये उतरताना खलाशी तुमचं मनगट धरतो आणि तुम्ही त्याचं धरायचं, दोन्ही हात मोकळे हवेत. बोट लागत असेल तर गोळी आधीच घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. बीपी-शुगरची औषधं ब्रूमलाच मोजून जास्तीची भरा, पुढे ना दुकान ना नेटवर्क. दोन तास टॉयलेट नाही, तेही लक्षात असू द्या. स्विमिंगचे कपडे मात्र राहू देत, खाऱ्या पाण्यातल्या मगरी आणि विषारी बॉक्स जेलीफिश असलेला किनारा आहे हा, पोहायचं नावही काढू नका.

थोडं वाचून जा. हा मुलूख दाम्बीमांगारी लोकांचा, जवळच्या हाय क्लिफी बेटांवर यावीजीबाया लोक राहायचे, नुसतं निसर्गदृश्य म्हणून बघू नका. जून ते सप्टेंबर हंपबॅक व्हेल अंटार्क्टिकाकडून पिल्लं द्यायला या बाजूला, कॅम्डन साउंड नावाच्या खाडीत येतात, म्हणून मोठ्या बोटीवरही दुर्बीण गळ्यातच असू द्या. आणि कोकणात वेळासला आपण बघतो ती पिल्लं ऑलिव्ह रिडलेची, इथलं कासव ग्रीन टर्टल, मोठं झालं की मुख्यतः समुद्री गवत आणि शेवाळ खाणारं.

पाणी उतरायला लागलं की रीफच्या कडेवरून शेकडो छोटे धबधबे सुटतात. आमच्यासमोर एक राखाडी बगळा अगदी त्या धारेत पाय रोवून उभा होता, वाहत आलेला मासा टिपायचा, मान झटकायचा, पुन्हा तसाच. आई अर्धा तास काही बोलली नाही. अशा वेळी इंजिन बंद असतं, तेव्हा फोन सायलेंट करा, वेल्क्रोच्या बॅगाही तेव्हा उघडू नका, आणि कॅमेऱ्याची दुसरी बॅटरी खिशात ठेवा.