सुरमईचं फॅमिली ट्री काढायचंय? मग हे वाचा

ससून डॉकवर मिळणाऱ्या सुरमईच्या वेगवेगळ्या जातींचं नातं डीएनएवरून काढायचं असेल तर आधी जेनबँक या डीएनएच्या ऑनलाइन साठ्यातून सीओआय जीनचे (जाती ओळखायला वापरतात तो मायटोकाँड्रियातला जीन) सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या ओळी घ्या, साधारण 650 बेसचे (अक्षरांचे) असतात, आणि सोबत बांगडा घ्याच, तो त्याच कुळातला पण जरा लांबचा, त्याच्यामुळे झाडाचं मूळ कुठे ते कळतं.

मग माफ्ट या सॉफ्टवेअरमध्ये अलाइन करा, म्हणजे सिक्वेन्स एकाखाली एक जुळवून लावा. अलाइनमेंट डोळ्याने बघा, प्लीज बघाच! मध्येच स्टॉप कोडॉन (प्रोटीन इथे संपलं असं सांगणारी तीन अक्षरं) दिसला तर सिक्वेन्स गडबड आहे किंवा तुम्ही चुकीचा जेनेटिक कोड (तीन अक्षरांवरून अमिनो आम्ल ठरवणारा तक्ता) लावलाय, माशांसाठी व्हर्टिब्रेट मायटोकाँड्रियल लागतो.

आता खरा भाग. फक्त 10 जाती घेतल्या तरी मूळ न दाखवणारी 20,27,025 झाडं शक्य असतात, म्हणून मॅक्सिमम लाइकलिहूड वापरायचं, म्हणजे कुठल्या झाडावर आपला डेटा मिळायची शक्यता सगळ्यात जास्त ते शोधायचं. जो फेल्सनस्टाइन या शास्त्रज्ञाने 1981 मध्ये हे गणित झटपट करायची पद्धत दिली म्हणून आज साध्या लॅपटॉपवर जमतं. झाड काढणारं आयक्यू-ट्री हे सॉफ्टवेअर डीएनए कसा बदलतो याचं मॉडेल स्वतः निवडतं, ते निवडू द्या.

बूटस्ट्रॅप 1000 लावा, म्हणजे डेटातल्या जागा 1000 वेळा पुन्हा उचलून प्रत्येक फांदी किती टक्के वेळा येते ते बघा. पण आयक्यू-ट्रीचा झटपट अल्ट्राफास्टवाला असेल तर 95 टक्क्यांच्या खालच्या फांदीवर विसंबू नका, साध्या बूटस्ट्रॅपचा ‘70 टक्के पुरे’ हा नियम इथे चालत नाही, माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. आणि एका जीनचं झाड म्हणजे जातींचं झाड नव्हे, एखादा न्यूक्लियर (पेशीच्या केंद्रकातला) जीनही जोडा.