ब्रँडची कहाणी सांगताना या चुका टाळा

घरगुती मसाले, सेंद्रिय गूळ, हातमागाच्या साड्या किंवा लाकडी घाण्याचे तेल, यांपैकी काहीही विकत घेतले तरी वेष्टनाच्या मागे हल्ली मालकाची कहाणी छापलेली असते, आणि त्यांतल्या बहुतेक कहाण्या वेष्टन फाडण्याआधीच विसरल्या जातात. लिहिणाऱ्याला लिहिता येत नाही म्हणून असे होते, असे क्वचितच आढळते. गिऱ्हाइकाला धरून ठेवता येईल आणि मनात आले तर तपासून पाहता येईल, असा एकही तपशील त्या मजकुरात नसतो, हे त्याचे खरे कारण आहे. पुढे दिलेल्या बहुतेक चुका याच एका उणिवेतून निर्माण होतात.

कोणाच्याही नावावर खपणारी कहाणी

लहानपणापासून जिद्द होती, घरच्यांचा विरोध पत्करून नोकरी सोडली, अनेक अडचणी आल्या पण हार मानली नाही आणि आज ग्राहकांच्या आशीर्वादाने ब्रँड उभा आहे, अशा धर्तीचा मजकूर खरा असूनही निरुपयोगी ठरतो. तो ओळखण्याची कसोटी सोपी आहे. मजकुरातले आपले नाव खोडून तिथे शेजारच्या दुकानाचे नाव घालावे. तरीही सगळे जुळत असेल, तर ती कहाणी आपली नाही.

दुरुस्तीसाठी संघर्षाचे शब्द वाढवू नयेत. गिऱ्हाइकाला सुरुवातीला कोणती शंका आली आणि ती आपण कशी दूर केली, ते सांगावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडामुळे जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. बेळगावातले सायकलचे दुकान, 1910 मध्ये औंध संस्थानात वसलेली किर्लोस्करवाडी, हे सगळे त्या उद्योगाच्या इतिहासात आहेच. पण ऐकणाऱ्याच्या मनात राहतो तो विकला न जाणारा नांगर, कारण त्यात मालकाच्या कष्टांबरोबर शेतकऱ्याची भीतीही आहे. बाजरीची बिस्किटे विकणाऱ्या उद्योजिकेलाही हे करता येते. पहिल्या घाण्याची बिस्किटे हातात घेताच चुरा होत होती आणि पिठाचे कोणते प्रमाण बदलल्यावर ती टिकू लागली, एवढे दोन वाक्यांत लिहिले तरी पानभर जिद्दीपेक्षा ते अधिक काम करते.

नसलेली आजी

ही चूक सर्वांत अधिक आढळते आणि सर्वांत महागही पडते. पाककृती यूट्यूबवरून घेतलेली असते किंवा अन्नतंत्रज्ञाकडून बसवून घेतलेली असते, पण पाकिटावर आजी असते, तिचा पाटावरवंटा असतो आणि तिने जपलेले गुपितही असते. स्वतः शिकून बसवलेली पाककृती विकण्यात कमीपणा कसला, हे मला आजवर उमगलेले नाही.

रचलेली कहाणी मोठ्या कंपन्यांनाही मोहात पाडते. पिएर ओमिद्यार यांनी ईबे हे वस्तूंच्या लिलावाचे संकेतस्थळ आपल्या वाग्दत्त वधूला पेझ गोळ्यांच्या डब्यांची देवाणघेवाण करता यावी म्हणून सुरू केले, असे अनेक वर्षे छापून येत राहिले. प्रत्यक्षात ती गोष्ट कंपनीच्या प्रसिद्धी विभागाने 1997 मध्ये पत्रकारांसाठी रचलेली होती. गंमत अशी की खरी गोष्ट तिच्याहून सरस होती. 1995 मध्ये त्या संकेतस्थळावर पहिल्यांदा विकली गेलेली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, आणि तो 14.83 डॉलरना घेणारा माणूस बिघडलेले पॉइंटर जमवणाराच निघाला. मोडकी वस्तूही कोणाला तरी हवी असते, हे त्या धंद्याचे मर्म या एका व्यवहारात आलेले होते.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ सचोटीपुरता राहत नाही. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांविषयीच्या 2018 च्या नियमांनुसार ‘पारंपरिक’ हा शब्द मनाला येईल तिथे वापरता येत नाही. पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या आणि फारसा बदल न झालेल्या कृतीलाच तो लावता येतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून छापायला देण्यापूर्वी मजकुरातील प्रत्येक विधानापुढे त्याचा पुरावा काय, हे पेन्सिलीने लिहावे. ज्या विधानापुढे काहीच लिहिता येत नाही, ते काढून टाकावे. आंबा इतर बागायतदारांकडून घेऊन विकत असाल, तर ‘आमच्या बागेतला’ असे लिहू नये; कोणत्या गावातून घेता आणि फळ कसे पारखून घेता, ते लिहावे. पारख हाही कहाणीचा विषय आहे, आणि तो फारच थोड्यांना सुचतो.

दुसऱ्याचे कष्ट, आपले नाव

जून 2025 मध्ये मिलान येथील फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलांशी विलक्षण साम्य असलेली पादत्राणे सादर केली आणि त्यांच्या मुळाचा उल्लेख केला नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांना या चपलेचे भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या उत्पादनालाच ते नाव लावण्याचा कायदेशीर हक्क, मिळालेले असल्यामुळे हरकतीला भक्कम आधार होता. टीका वाढल्यावर भारतीय पारंपरिक पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. त्यावर आपल्याकडे पुष्कळ संताप व्यक्त झाला, आणि तो योग्यच होता. मात्र पैठणी विणणाऱ्या कारागिराचा, गोधडी शिवणाऱ्या बाईचा किंवा बचतगटाने केलेल्या चटणीचा उल्लेख टाळून ‘मी घडवले’ असे लिहिणारे छोटे ब्रँड आपल्या शहरांतही आहेत. उलट टोकाला, कारागिराचा फोटो आणि त्याच्या गरिबीचे वर्णन त्याला न विचारता छापणारेही आहेत. दोन्हींवर उपाय एकच आहे: मजकूर छापण्यापूर्वी त्या व्यक्तीला मराठीतून वाचून दाखवावा, नाव द्यायचे की नाही हे तिला ठरवू द्यावे आणि तिने खोडायला सांगितलेले वाक्य खोडावे.

धंदा वाढला, मजकूर तोच राहिला

सुरुवातीला खरी असलेली कहाणी पुढे खोटी होते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. हाताने लाटलेली पोळी यंत्रावर जाते, घाणा बदलतो, मालकीणबाई स्वतः फोडणी देत नाहीत. पाकिटावर मात्र जुनेच शब्द राहतात. लिज्जत पापडाची गोष्ट इतकी वर्षे टिकून आहे ती याच मुद्द्यावर. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु ती गोष्ट आजही पटते, कारण पुढे हजारो बायका आल्यावरही शाखेतून भिजवलेले पीठ घरी न्यायचे, लाटलेले पापड आणून द्यायचे आणि प्रत्येक बहिणीने मालकीण राहायचे, ही पद्धत सोडली गेली नाही. ज्यांना पद्धत बदलावी लागली, त्यांनी कहाणीही बदलावी. यंत्र का घेतले आणि कोणते काम अजून हातानेच करतो, हे मोकळेपणाने सांगितल्यास गिऱ्हाईक सहसा नाराज होत नाही. ते त्याला कारखान्यातल्या कामगाराकडून कळले, तर नक्की होते.

व्यक्तिगत दुःखाविषयी थोडक्यात सांगायचे तर, घटस्फोट, आजारपण, कर्ज यांचा त्या वस्तूशी थेट संबंध असेल तरच ते लिहावे. घरातल्या मुलाला गहू चालत नाही म्हणून ज्वारीचा पास्ता केला, इथे संबंध आहे. उदबत्तीच्या पाकिटावर सासरचा छळ वाचून गिऱ्हाइकाने काय करावे?

कहाणी लक्षात राहिली, नाव राहिले नाही

‘ती बाई बँकेतली नोकरी सोडून लोणची करते’ एवढे लोकांना आठवते, पण कोणती लोणची ते आठवत नाही, अशी तक्रार असेल तर कहाणी चांगली असूनही तिची गाठ वस्तूशी बसलेली नाही असे समजावे. अनोळखी गिऱ्हाइकांना ती गोष्ट त्यांच्या शब्दांत सांगायला लावावे आणि आपण मध्ये बोलू नये. ते जिथे अडखळतात किंवा जो भाग सर्रास गाळतात, तो मजकुरातूनही गाळावा. आणि त्यांच्या सांगण्यात वस्तूचे नाव शेवटपर्यंत आले नाही, तर ते पहिल्याच वाक्यात आणावे.

भीमथडी जत्रेत किंवा महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात ही गाठ सैल असल्याचे लगेच दिसते. मालकीण स्टॉलवर असेपर्यंत विक्री होते. ती जेवायला गेली की मागे उभ्या असलेल्या मुलीला भावाखेरीज काहीच सांगता येत नाही. तिला पाठ करायला परिच्छेद देऊ नये, कारण पाठ केलेले बोलणे गिऱ्हाईक पहिल्या वाक्याला ओळखते. तिला प्रदर्शनाआधी दोन दिवस लोणच्याच्या कामावर बसवावे, कैरी चिरू द्यावी, मीठ कधी आणि का घालतात ते विचारू द्यावे. मग स्टॉलवर तिने काय सांगायचे, ते तिचे तिला ठरवता येते.