अथेन्सचं घुबडाचं नाणं घेताय? या चुका टाळा

ग्रीसच्या आजच्या एक युरोच्या नाण्यावर दिसणारं घुबड मूळचं अथेन्सच्या चांदीच्या टेट्राड्राख्मवरचं, म्हणजे चार द्राख्मांच्या नाण्यावरचं. अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतल्या चांदीतून अथेन्सने इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात ही नाणी इतकी पाडली की आजही ती बाजारात सहज येतात. म्हणूनच अनेक संग्राहकांचं पहिलं ग्रीक नाणं हेच असतं, आणि नकलाही याच्या भरपूर निघतात. फसणाऱ्या बहुतेकांचं एकच चुकतं: ते आधी घुबड बघतात. घुबड शेवटी बघा. चित्राची नक्कल करणं सोपं आहे. वजन, कड आणि मालकीचा इतिहास या तिन्हींची एकदम नक्कल करणं खूप अवघड.

चांदी खरी, म्हणून नाणं खरं?

नाणं घेऊन सराफाकडे जायचं आणि त्याने ‘चांदी उत्तम आहे’ म्हटलं की निश्चिंत व्हायचं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. सतरा ग्रॅम चांदीची किंमत आणि अस्सल टेट्राड्राख्मची किंमत यांत इतकं अंतर आहे की नकली नाणं पाडणाऱ्याला शुद्ध चांदी वापरणं सहज परवडतं. कस चांदीचा कळतो, काळाचा नाही. शिवाय कसोटीच्या दगडावर घासलं किंवा आम्लाचा थेंब टाकला की अस्सल नाण्याचंही कायमचं नुकसान होतं. लोहचुंबक लावून बघण्यालाही फारसा अर्थ नाही. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण तांबं, शिसं आणि कथीलही चिकटत नाहीत.

उपयोग होतो तो साध्या डिजिटल काट्याचा, मात्र तो ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा हवा. या नाण्याचं प्रमाणित वजन साधारण 17.2 ग्रॅम. चांगल्या अवस्थेतलं नाणं याच्या अगदी जवळ असतं. झिजलेलं किंवा जमिनीत गंजलेलं नाणं थोडं उतरतं, पण ठसे ताजे आणि वजन 15 ग्रॅम असं असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

मग घनता काढा. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तेवढं नाण्याचं घनफळ. समजा कोरडं वजन 17.15 आणि पाण्यातला आकडा 1.65 आला, तर भागाकार 10.4 च्या आसपास. शुद्ध चांदीचा आकडा 10.49 आणि अथेन्सची चांदी अतिशय शुद्ध, त्यामुळे हे जुळतं. उत्तर 9 च्या आसपास आलं तर आत तांबं असण्याची शक्यता मोठी. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडाही हिशोब बिघडवतो, म्हणून दोन-तीनदा मोजा.

कड न बघता फोटोवर भाळणं

विक्रेते दोन्ही बाजूंचे झकास फोटो देतात. कडेचा फोटो मात्र मागावा लागतो. मागाच.

अस्सल नाणं दोन ठप्प्यांमध्ये चांदीची चकती धरून हातोड्याच्या घावाने पाडलेलं असतं. घावाखाली धातू बाहेर पसरतो, त्यामुळे कडेला बारीक चिरा जातात, जाडी कमीजास्त होते, आणि भिंगातून पाहिलं तर अक्षरांभोवती धातू वाहिल्याच्या रेषा दिसतात. ओतीव नकलेत हे काही नसतं. तिचा पृष्ठभाग वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत असतो, अक्षरांचे कोपरे बोथट आणि खोलगट भागांत बुडबुड्यांचे बारीक फोड. साच्याच्या दोन अर्ध्यांचा सांधा कडेवर रेष सोडतो. ती लपवायला कानस मारलेली असली तर समांतर ओरखडे सापडतात. पर्यटकांसाठीच्या प्रतींवर ‘प्रतिकृती’ अशा अर्थाचा शिक्का असतो. तो घासून काढलेला असेल तर तेवढाच भाग सपाट आणि चकचकीत राहतो.

ठप्प्याने पाडलेली नक्कल जास्त धोक्याची, कारण तिला कडेच्या चिराही येतात. तिथे जुन्या लिलावांच्या फोटोंशी तुलना करण्याला पर्याय नाही. एका ठप्प्यातून अनेक अस्सल नाणी निघतात, पण प्रत्येक चकती वेगळी असते. दोन नाण्यांवर ठसाही तोच, चकतीचा आकारही तोच आणि ओरखडाही त्याच जागी दिसला तर निदान एक तरी नकली आहे.

खाच दिसली की नाणं नाकारणं

अनेक घुबडांच्या पाठीवर छिन्नीची खोल खाच असते, आणि नवखे संग्राहक ती बघून पाठ फिरवतात. आत तांबं तर नाही ना, हे पाहण्यासाठी प्राचीन व्यापाऱ्यांनीच ती मारलेली असते. इ.स.पू. 375-374 मध्ये निकोफोनने मांडलेला अथेन्सचा कायदा 1970 मध्ये तिथल्या अगोरात, म्हणजे प्राचीन बाजारचौकात, दगडावर कोरलेला सापडला. बाजारात सरकारी पारखी बसवावा, चांदीखाली तांबं किंवा शिसं निघालं तर त्याने नाणं तिथल्या तिथे कापावं आणि ते देवमातेच्या नावे जमा व्हावं, असं त्यात लिहिलंय. पारख्याने कामात कसूर केली तर पन्नास फटके! मला हा शिलालेख फार मोलाचा वाटतो, कारण आपण आज भिंग घेऊन जे करतो तेच काम त्यात नेमून दिलंय. खाचेमुळे किंमत उतरते हे खरं, पण खाचेत शेवटपर्यंत चांदी दिसत असेल आणि तिच्या आतही जुनं पुट, म्हणजे काळाने चढलेला थर, बसलेलं असेल तर ती नाण्याच्या बाजूने साक्ष आहे.

पुटाच्या रंगावर मात्र एकट्याने विसंबू नका. गंधकाच्या द्रावणाने ते तासाभरात चढवता येतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतला कार्ल विल्हेल्म बेकर आपली नकली नाणी लोखंडाच्या किसासह पेटीत घालून घोडागाडीला बांधायचा, म्हणजे खडखडाटात ती आपोआप झिजायची.

ग्रीक अक्षरं दिसली म्हणून ‘ग्रीक नाणं’ सांगणारेही भेटतील. क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरं आहेत. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला अशी 13,000 हून जास्त नाणी सापडली आणि त्यांतल्या बऱ्याचशांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारला होता. ही नाणी आपल्याकडे मोलाचीच आहेत, पण अथेन्सच्या दरात नव्हे.

किंमत ठरवताना

जुनं म्हणजे महाग, हे समीकरण इथे चालत नाही. अलीकडच्या वर्षांत ही घुबडं बाजारात मोठ्या संख्येने आली आहेत. चकती ठप्प्यापेक्षा लहान असल्याने घुबडाच्या उलट बाजूला असलेल्या अथेना देवीच्या शिरस्त्राणाचा तुरा बहुतेक नाण्यांवर कापला जातो. तुरा पूर्ण, घुबड मधोमध आणि अथेन्सच्या नावाची ΑΘΕ ही तिन्ही अक्षरं शाबूत असतील तर भाव कितीतरी पटींनी वाढतो. अथेनाचा डोळाही बघा. इ.स.पू. पाचव्या शतकात तो चेहरा बाजूने असूनही समोरून पाहिल्यासारखा बदामी असतो, त्यानंतरच्या, इ.स.पू. चौथ्या शतकात बाजूने पाहिल्यासारखा. चौथ्या शतकातलं नाणं ‘पेरिक्लीसच्या काळातलं’ (पाचव्या शतकातला अथेन्सचा नेता) म्हणून खपवणारे आहेत. विक्रेत्याने मागितलेल्या किमतीवर जाऊ नका, लिलावात प्रत्यक्ष मिळालेली किंमत शोधा, आणि त्यात खरेदीदाराचं शुल्क धरलंय की नाही हेही पाहा.

चिंच, लिंबू, सोडा, टूथपेस्ट यांतलं काहीही नाण्याला लावू नका. जमिनीत राहिलेली चांदी ठिसूळ झालेली असू शकते, आणि घासून काढलेलं पुट परत येत नाही.

स्वस्तातला डेकाड्राख्म, म्हणजे दहा द्राख्मांचं सुमारे 43 ग्रॅमचं नाणं, कोणी पुढे केलं तर हात लावू नका. अशी अस्सल नाणी मोजकीच आहेत. तुर्कस्तानात 1984 मध्ये एल्मालीजवळ सापडलेल्या साठ्यात ती होती. तो साठा चोरून बाहेर गेला, अमेरिकेत विकला गेला आणि त्यातली बरीच नाणी 1999 मध्ये परत करावी लागली. म्हणजे नाणं अस्सल असूनही पैसे बुडू शकतात. म्हणून ते याआधी कोणाकडे होतं, कोणत्या लिलावात विकलं गेलं, हे कागदावर मागा. भारतात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि 1972 च्या कायद्यामुळे खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, हे परदेशातल्या नातेवाइकाला भेट देण्याआधी ध्यानात असू द्या.

बिलावर दोन्ही बाजूंचा फोटो, वजन, व्यास, काळ आणि ‘नकली ठरल्यास पूर्ण पैसे परत’ ही अट लिहून घ्या. ‘जुनं ग्रीक नाणं, एक नग’ एवढंच लिहिलेल्या बिलावर पैसे देऊ नका.