फायरप्लेसचे नूतनीकरण: टाइल आणण्याआधी काजळी काढा

फायरप्लेसच्या दर्शनी भागावर टाइल बसवण्याचे काम मी एकदा स्वतः केले आणि ते फसले. तिसऱ्यांदा जाळ केला त्या रात्री वरच्या ओळीतील एक टाइल निसटली. तिची पाठ पाहिली तेव्हा चिकटवणीचा थर तिला घट्ट धरून होता, आणि त्या थरावर जुन्या रंगाचा पापुद्रा व काजळीची काळी पूड जशीच्या तशी उमटली होती. टाइल विटेला चिकटलीच नव्हती. पुढची तयारी याच कारणाने थोडी एकांगी वाटेल.

हत्यारांबद्दल लिहीत नाही. छिन्नी, हातोडी, थापी आणि लेव्हल लागणार हे सर्वांना ठाऊक असते. राख मात्र झाकणाच्या धातूच्या बादलीतच भरावी, कारण तिच्या पोटातले निखारे काही दिवसही धग धरून राहू शकतात. धुराड्याची तपासणी सजावटीच्या आधी जाणकाराकडून करून घ्यावी. आतल्या अस्तराला तडे असतील तर नूतनीकरण तिथेच थांबवावे. गॅसची जोडणी असेल तर तिला स्वतः हात लावू नये. जुन्या घरातील उष्णतारोधक पत्र्यांत ॲस्बेस्टॉस आणि जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तपासून घेतल्याशिवाय काहीही फोडू वा घासू नये.

आता काजळी. ती तेलकट असते, विटेच्या छिद्रांत मुरते, आणि वरून रंग फासला की दिसेनाशी होते. दिसत नाही म्हणून ती नाही असे कृपया समजू नका. आधी रंग काढावा, मग तारेच्या ब्रशने विटा घासाव्यात, नंतर ट्रायसोडियम फॉस्फेट या तेलकटपणा काढणाऱ्या रसायनाच्या द्रावणाने धुऊन स्वच्छ पाण्याने दोनदा खळबळून घ्याव्यात. हातमोजे, चष्मा आणि बारीक धूळ अडवणारा मास्क हवाच. काजळीमुळे धुराडी साफ करणाऱ्यांना कर्करोग होतो हे पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७५ सालीच नोंदवले होते. धुतलेल्या विटा पूर्ण वाळू द्याव्यात, घाई करू नये. मग बोटाने पाण्याचे थेंब शिंपडून पाहावे: थेंब विटेत जिरला तर ठीक, मण्यासारखा वर थांबला तर वीट अजून तयार नाही, पुन्हा घासावी. ही परीक्षा एका विटेवर उरकू नये. फायरप्लेसच्या तोंडाच्या वरच्या कडेला, जिथे धूर सर्वांत जास्त लागतो, तिथे ती हमखास करावी. माझी टाइल तिथलीच पडली. रंग निघतच नसेल तर सिमेंट बोर्ड विटांत स्क्रूने पक्का करून त्यावर टाइल लावावी, पण रंगावर थेट लावू नये.

मोजमाप घेताना बोर्ड, चिकटवण आणि टाइल यांची एकत्रित जाडी धरावी. वरची फळी लाकडी असेल तर ती तोंडापासून निदान सहा इंच दूर हवी, आणि बारा इंचांच्या आत असेल तर अंतराच्या दर इंचामागे अष्टमांश इंचाहून अधिक पुढे येता कामा नये. हा अमेरिकेतला प्रचलित नियम आहे. आपल्याकडचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळावा.

जाळ पेटतो त्या आतल्या भागात साधे सिमेंट वापरू नये, ते उष्णतेने भेगाळून झडते. तिथे अग्निविटा आणि उष्णतारोधक मॉर्टरच हवे. दर्शनी टाइलसाठीही उष्णता सोसणारी चिकटवण घ्यावी. मात्र सर्वांत महाग चिकटवणही काजळीवर टिकत नाही, हे पुन्हा सांगतो.

पुढचे थोडक्यात. टाइल आधी जमिनीवर मांडून पाहाव्यात. कापताना पाणी वापरावे, कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते. काम चालू असताना डँपर, म्हणजे धुराड्याची झडप, बंद ठेवून फायरप्लेसच्या तोंडाला प्लास्टिक लावावे. टाइलांमधल्या फटींत ग्राउट (फटी बुजवण्याचे मिश्रण) भरल्यावर वेष्टनावर लिहिलेला काळ पूर्ण होईपर्यंत जाळ करू नये. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावा. प्लास्टिक काढले आणि डँपर उघडला हे स्वतः वाकून पाहावे, मग पहिला जाळ मूठभर काटक्यांचाच करावा.