खापरं धुवायची तयारी आहे ना?

बी.कॉम. झाल्यावर मी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला आले. कुठल्याही शाखेचा पदवीधर इथे येऊ शकतो, त्यामुळे "माझा इतिहास नव्हता" म्हणून कुणी मागे फिरू नका. जळक्या दाण्यांवरून पीक ओळखायची वेळ आली की वर्गातली वनस्पतिशास्त्रवाली मैत्रीण आम्हा सगळ्यांच्या पुढे असायची.

वर्गात बरंच शिकले, पण विषय अंगात भिनला तो उत्खननावर. आमची साइट म्हणजे गावाबाहेरची पांढर. जुन्या घरांची माती आणि चुलींची राख साचून फिकट झालेलं टेकाड. चांगलं खत म्हणून तिथली माती गावकरी गाड्या भरभरून शेतात नेत आलेले. मला वाटलं होतं, हातात कुदळ मिळेल. मिळाली खुरपी आणि ब्रश. दुपारी जेवण झालं की घमेलंभर खापरं, बादली आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन बसायचं. कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू!

पण नजर बसते ती तिथेच. जोर्वे खापर आता मी हातात घेताच ओळखते: तांबूस, पातळ, वर काळी नक्षी, आणि टिचकी मारली की खणकन वाजतं. संगमनेरजवळच्या जोर्वे गावात १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं, त्यावरून हे नाव पडलं. पुस्तकात हे मी तीनदा वाचलं होतं, तरी लक्षात राहिला तो आवाजच.

तिसऱ्या आठवड्यात माती खाल्ली. पिशव्यांतल्या चिठ्ठ्या मी जेल पेनने लिहिल्या होत्या. ओल्या खापरांनी शाई पसरली आणि दोन पिशव्यांवर स्तर ३ की ४, काही केल्या वाचता येईना. सर ओरडले नाहीत. वहीत 'स्तर अनिश्चित' एवढंच लिहून त्यांनी पिशव्या बाजूला ठेवल्या. ते फार लागलं. खापरं तीच, पण कुठल्या थरातली हे गेलं की त्यांच्यावरून काळाबद्दल काही बोलता येत नाही.

खोदायला मला शिकवलं ते मजुरीवर आलेल्या एका मामांनी. "खुरपीचा आवाज बदलला की थांबायचं, ताई." त्यांनी थांबवलं तिथे जुन्या घराची चोपून बसवलेली जमीन निघाली, मी ती खरवडून टाकली असती. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात लहान मुलं घराच्या जमिनीखालीच, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली सापडली. असा खड्डा जमीन करण्याआधीचा की नंतरचा, हे कळायला ती जमीनच लागते.

नोकरीचं विचाराल तर जागा थोड्या आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचं पुरातत्त्व खातं, संग्रहालयं, नाहीतर प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा देऊन शिकवणं. एम.ए.नंतर सर्वेक्षणाच्या ग्रेटर नोएडाच्या संस्थेतला दोन वर्षांचा डिप्लोमाही करता येतो. घरच्यांना हे आधीच सांगून टाका.

पहिल्या साइटवर जाताना पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट, टोपी आणि बॅटरी घ्या. पेन्सिली मात्र दोन-चार जास्तीच्या.