पहिले बाळंतपण: कळा ओळखणे, शक्ती राखणे आणि प्रसूतीला सामोरे जाणे

पहिलटकरणीला प्रसूतीविषयी जे ऐकायला मिळते ते बहुधा दोन टोकांचे असते. कोणी ‘सगळे आपोआप होते’ असा दिलासा देते, तर कोणी अंगावर काटा येईल अशा हकिकती सांगते. प्रत्यक्ष कळा सुरू झाल्यावर दोन्हींचा उपयोग होत नाही. पहिले बाळंतपण सहसा लांबते आणि त्यातला मोठा हिस्सा सुरुवातीच्या, सहन होण्याजोग्या कळांचा असतो, एवढे ध्यानात ठेवले तरी बरेच साधते. या काळात घाबरून जागरण करणारी, दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहणारी आणि काही न खाणारी स्त्री खऱ्या कष्टाची वेळ येईपर्यंत थकून गेलेली असते. म्हणून पुढील मार्गदर्शनात शक्ती कोठे राखावी आणि कोठे लावावी, याला अधिक जागा दिली आहे.

तारीख आणि पूर्वतयारी

प्रसूतीची अपेक्षित तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढतात. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळे फार थोडी असतात, त्यामुळे त्या तारखेकडे एका अंदाजाचा मध्य म्हणून पाहावे. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून पिशवी भरलेली, कागदपत्रे एका जागी आणि जाण्याची व्यवस्था ठरलेली असावी. प्रसूतीच्या वेळी सोबत कोण राहणार हेही आधीच ठरवावे. मायेची माणसे अनेक असतात, परंतु त्या खोलीत शांत राहू शकणारे माणूस वेगळे निवडावे लागते. विश्वासाचे माणूस सतत जवळ असल्यास नैसर्गिक प्रसूतीची शक्यता वाढते आणि कळांचा काळही काहीसा कमी होतो, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. तरीही ही निवड अनेकदा शेवटच्या क्षणी, जो मोकळा असेल त्याच्यावर सोपवली जाते, हे मला खटकते.

३४-३५ आठवड्यांनंतर डॉक्टरांना विचारून योनिमार्ग आणि गुदद्वार यांमधल्या भागाला हलक्या हाताने मालिश करता येते. पहिल्या प्रसूतीत त्यामुळे टाके पडण्याची शक्यता थोडी कमी होते.

कळा खऱ्या की सरावाच्या

शेवटच्या महिन्यांत पोट अधूनमधून कडक होते आणि सैल पडते. या सरावाच्या कळांचे वर्णन जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ मध्ये केले होते आणि आजही त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. त्या अनियमित असतात आणि पाणी प्यायल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर किंवा कूस बदलल्यावर बहुधा थांबतात. खऱ्या कळा मात्र उठले, बसले, आडवे झाले तरी थांबत नाहीत, तर हळूहळू जवळ येतात, लांबतात आणि तीव्र होतात. अनेकींना त्या कंबरेतून सुरू होऊन ओटीपोटाकडे येताना जाणवतात, काहींना मांड्यांतही ओढ बसते.

कळांमधले अंतर मोजताना पुष्कळजणी एक कळ संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ धरतात आणि आकडे चुकतात. एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ म्हणजे अंतर, आणि कळ किती वेळ टिकली ही नोंद वेगळी. चार-पाच कळा मोजून थांबावे आणि तासाभराने पुन्हा मोजावे. ही नोंद सोबतच्या माणसाने ठेवली तर अधिक चांगले.

कळांच्या आधी किंवा कळांबरोबर गुलाबी अथवा तपकिरी छटेचा चिकट स्राव अंगावरून जातो. गर्भाशयाच्या तोंडाशी बसलेला हा गोळा निघाल्यावर प्रसूती काही तासांत होऊ शकते, तशीच काही दिवसांनीही होऊ शकते, त्यामुळे केवळ त्यावरून धावपळ करण्याचे कारण नाही. पाणमोट फुटण्याची गोष्ट वेगळी आहे. पाणी एकदम वाहील असे नाही. ते थेंबथेंब गळत राहू शकते आणि लघवी सुटल्यासारखे वाटते. कळा नसल्या तरी अशा वेळी रुग्णालयात कळवावे, स्वच्छ पॅड लावावे आणि पाण्याचा रंग व वेळ लक्षात ठेवावी. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने पोटातच शी केलेली असण्याची शक्यता असते, आणि मग लगेच निघावे.

लगेच निघण्याची आणखी काही कारणे आहेत. बाळाची हालचाल मंदावणे किंवा थांबणे, पाळीसारखे लाल रक्त जाणे, कळ ओसरल्यावरही पोट सतत कडक राहून दुखणे, तीव्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येणे, ताप येणे, किंवा ३७ आठवड्यांच्या आधी कळा सुरू होणे, यांपैकी काहीही घडले तर घड्याळ बाजूला ठेवावे. पाणी गेल्यावर योनीत नाळेसारखे काही हाताला लागले तर गुडघे व कोपरांवर ओणवे होऊन, डोके खाली आणि कंबर वर ठेवून तातडीची मदत मागवावी.

सुरुवातीचे तास

पहिल्या गरोदरपणात गर्भाशयाचे तोंड बहुधा आधी पातळ होते आणि मग उघडू लागते. पातळ होण्याचे हे काम बाहेरून दिसत नाही, म्हणून ‘इतक्या कळा आल्या आणि तोंड दोनच सेंटिमीटर उघडले’ हे ऐकून मन खचते. वास्तविक शरीराने तोवर बरेच काम उरकलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार कळांचा जोमाचा टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरला जातो आणि त्याआधीच्या टप्प्याला ठरावीक मुदत नाही. काहींना हा टप्पा काही तासांचा, काहींना एक-दोन दिवस थांबतथांबत चालणारा असतो.

गरोदरपण जोखमीचे नसेल आणि डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल, तर हा काळ घरी काढणे सुखाचे असते. रात्र असेल तर झोपावे, आणि झोप लागली नाही तरी अंधारात कुशीवर पडून राहावे. दिवस असेल तर नेहमीची हलकी कामे करावी, थोडे थोडे पचायला सोपे खावे, घोटघोट पाणी प्यावे, कोमट पाण्याने सावकाश अंघोळ करावी. कळ आली की थांबावे, ओसरली की कामाला लागावे. ‘प्रसूती लवकर व्हावी’ म्हणून तासन्‌तास जिने चढण्याचा जो सल्ला मिळतो, तो मला पटत नाही. त्याने पाय थकतात.

साधारण दर पाच मिनिटांनी येणाऱ्या, एक मिनिट टिकणाऱ्या आणि तासभर अशाच चालू राहणाऱ्या कळा ही पहिल्या प्रसूतीत निघण्याची रूढ खूण मानली जाते. रुग्णालय लांब असेल तर त्याआधी निघावे. अंतराइतकाच दुसरा निकष उपयोगी आहे: कळ चालू असताना बोलणे अशक्य होऊ लागले, की टप्पा बदलला. तेथे पोहोचल्यावर ‘अजून वेळ आहे, घरी जाऊन या’ असे सांगितले गेले तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

जोमाच्या कळा

पाच सेंटिमीटरनंतर कळांना लय येते. तासाला एक सेंटिमीटर हा जुना हिशेब सगळ्यांना लागू पडत नाही, हे आता मान्य झाले आहे. पहिल्या प्रसूतीत हा टप्पा सहसा १२ तासांच्या आत संपतो, पण त्याचा वेग प्रत्येकीचा निराळा असतो. आतली तपासणी साधारण दर चार तासांनी होते. बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवले जाते. ते मिनिटाला ११० ते १६० च्या दरम्यान असणे अपेक्षित असते आणि कळेच्या वेळी त्यांत थोडा चढउतार होऊ शकतो.

कळ लाटेसारखी चढते, टोकाला पोहोचते आणि ओसरते. टोक अर्ध्या मिनिटाच्या आसपासच टिकते. तेवढाच वेळ काढायचा आहे हे सोबतच्या माणसाने हळू आवाजात सांगितले तरी बळ येते. श्वासाच्या अनेक पद्धती शिकवल्या जातात, परंतु मुख्य सूत्र एवढेच की नाकाने श्वास घ्यावा आणि तोंडाने तो घेण्यापेक्षा अधिक वेळ सोडावा. श्वास भराभर होऊ लागला तर बोटांना मुंग्या येतात आणि चक्कर येते; मग सोबत्याने डोळ्यांत पाहून स्वतः सावकाश श्वास घ्यावा, म्हणजे तिला तो धरता येतो. जबडा, खांदे आणि मुठी सैल आहेत का हे दर कळेला पाहावे. ओरडावेसे वाटले तर ओरडावे, मात्र उंच किंकाळीपेक्षा खोल, खालच्या पट्टीतला आवाज कमी दमवतो.

पलंगावर उताणे पडून राहणे ही सोयीची सवय झाली असली तरी प्रसूतीला ती मदत करत नाही. चालणे, पुढे रेलून उभे राहणे, खुर्चीवर उलटे बसणे, गुडघ्यांवर ओणवे होणे यांनी कळा सोसवतात आणि उभ्या स्थितीमुळे हा टप्पा सरासरी तासाभराने कमी होतो असे दिसले आहे. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तर सगळी कळ कंबरेत उतरते. अशा वेळी ओणवे होऊन, कळ आल्याबरोबर सोबत्याने माकडहाडाच्या वरच्या भागावर तळहाताने जोर देऊन दाबावे. हा उपाय साधा असला तरी पुष्कळजणींना औषधाइतका आराम देतो. दर दोन तासांनी लघवीला जायला विसरू नये, कारण भरलेले मूत्राशय बाळाच्या वाटेत येते.

वेदनाशामक घेणे हा पराभव नव्हे आणि न घेणे हा पराक्रमही नव्हे. एपिड्युरलमध्ये कंबरेच्या मणक्यांजवळ बारीक नळी घालून औषध सोडतात. ती घालताना पाठ पुढे वाकवून काही मिनिटे निश्चल बसावे लागते आणि परिणाम दिसायला वीसेक मिनिटे लागतात. त्यानंतर रक्तदाब उतरू शकतो, पाय जड होतात, लघवीसाठी नळी लागू शकते आणि जोर देण्याचा टप्पा काहीसा लांबतो. सिझेरियनची शक्यता मात्र त्यामुळे वाढत नाही. काही ठिकाणी नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजनचे समसमान मिश्रण मुखवट्यातून घेता येते. आपल्या रुग्णालयात यांपैकी काय आणि कोणत्या वेळेपर्यंत मिळते, हे नवव्या महिन्यातच विचारून ठेवावे.

तोंड पूर्ण उघडण्याच्या जरा आधी थरथर सुटते, उलटी होते, एकदम गरम किंवा गार वाटते आणि ‘मला आता जमणार नाही’ असे तोंडून निघते. घाबरवणारी असली तरी बहुधा ही प्रसूती जवळ आल्याचीच खूण असते, आणि सोबत्याला ती आधीपासून माहीत असली पाहिजे.

जोर देणे आणि जन्म

तोंड दहा सेंटिमीटर उघडले की शौचाला लागल्यासारखा दाब येतो. थोडी शी होऊनही जाते. परिचारिकांच्या दृष्टीने ती रोजची बाब असते, त्यामुळे संकोचाने जोर रोखून धरू नये. पहिल्या बाळाला बाहेर यायला तीन तासांपर्यंतही लागू शकतात. आतून आवेग येईल तेव्हाच, हनुवटी छातीकडे घेऊन, खाली जोर द्यावा आणि दोन कळांमध्ये शरीर पूर्ण सैल सोडावे. बाळ पुढे येते आणि थोडे मागे सरकते, हे अपेक्षितच असते.

डोके दिसू लागले की जळजळीत ताण जाणवतो. या क्षणी सगळा जोर लावावासा वाटतो, आणि नेमके तेव्हाच जोर थांबवून धापा टाकल्यासारखे छोटे श्वास घ्यायचे असतात, म्हणजे डोके हळू बाहेर येते आणि कातडी कमी फाटते. कोमट ओल्या कापडाचा शेकही येथे उपयोगी पडतो. वाट मोठी करण्यासाठी सर्वांनाच योनिमुखाशी छेद देण्याची पद्धत आता योग्य मानली जात नाही. छेद किंवा बाळाला ओढून घेण्यासाठी व्हॅक्यूम वा चिमटा लागला तर कारण विचारण्याचा हक्क तुमचा आहे.

सिझेरियन ठरले तर बहुधा कंबरेखालचा भाग बधिर करतात आणि आई जागी असते. दुखत नाही, पण ओढाताण जाणवते. बाळ पहिल्या काही मिनिटांतच बाहेर येते, टाके घालायला अधिक वेळ लागतो.

जन्मानंतरचा पहिला दिवस

बाळ रडत असेल तर ते सरळ छातीवर उघड्या अंगाने ठेवायला सांगावे. नाळ किमान एक मिनिट थांबून कापल्यास बाळाला जास्तीचे रक्त आणि लोह मिळते. वार (प्लासेंटा) पडण्यासाठी इंजेक्शन देतात आणि थोडा जोर पुन्हा द्यावा लागतो. पहिल्या तासात बाळाला स्तनाशी घ्यावे. येणारा चीक, म्हणजे पहिले घट्ट दूध, चमचाभरच असला तरी पुरेसा असतो. दूध पाजताना पोटात पुन्हा कळा येतात, कारण गर्भाशय आकसत असते.

सहा तासांच्या आत लघवी झाली पाहिजे. झाली नाही तर सांगावे. पहिल्यांदा उठताना कोणाचा तरी हात धरावा. तासाभरात पूर्ण पॅड भिजू लागले, मोठ्या गाठी पडल्या किंवा गरगरू लागले तर वाट न पाहता परिचारिकेला बोलवावे. अंगावरून जाणे पुढे चार ते सहा आठवडे, कमी होत होत चालते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारणाशिवाय रडू येणे सर्वसामान्य आहे. ते दोन आठवड्यांपुढे गेले, किंवा बाळाला अथवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

घरी जाण्यापूर्वी टाके पडले असल्यास फाटणे कोणत्या श्रेणीचे (किती खोल) होते, रक्त किती गेले आणि छेद, व्हॅक्यूम वा सिझेरियन का करावे लागले, हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. पुढच्या गरोदरपणात डॉक्टर सर्वप्रथम हेच विचारतात.